धागा: इंड्यूस्ड स्पुटमचा नमुना चांगला का टाकाऊ, हे कधी ठरवायचं?

गोदाकाठ (नांदेड)
नमस्कार मंडळी. मी पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये आहे, सध्या दमा आणि सीओपीडी (धूर-धुळीनं श्वासनलिका कायमच्या अरुंद होणारा आजार) यांच्या एका अभ्यासात बेडक्यातल्या पेशी मोजायचं काम माझ्याकडं आहे. आपल्याकडच्या लॅबवाल्यांशी एका गोष्टीवर बोलायचंय म्हणून हा धागा काढलाय, कारण पेपरात सगळं गुळगुळीत लिहिलेलं असतं, आपल्या टेबलावर जे येतं ते वेगळंच असतं.

पेशंटला खारट पाण्याची वाफ देऊन खोकायला लावायचं, आलेल्या बेडक्यात (हाच इंड्यूस्ड स्पुटम) इओसिनोफिल किती, न्यूट्रोफिल किती (दोन्ही सुजेत येणाऱ्या पांढऱ्या पेशी) ते मोजायचं आणि श्वासनलिकेत सूज कोणत्या जातीची आहे ते सांगायचं, एवढंच ते काम. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या गटानं १९९२ ला हे दम्यात करून दाखवलं आणि २००२ मध्ये युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटीनं पद्धत नीट लिहून दिली. इओसिनोफिल साधारण ३ टक्क्यांवर गेले की आपण इओसिनोफिलिक म्हणतो आणि त्यावर स्टिरॉइड कुणाला लागू पडेल हे बरंच ठरतं.

पण हा ३ टक्क्यांचा आकडा ज्या डबीतून येतो त्या डबीत बेडका आहे का निस्ती लाळ आहे हे कुणीच विचारत नाही! फॉर्मवर रकाना एकच, 'नमुना मिळाला: हो / नाही'. आता मिळाला म्हणजे काय? डबीत चार मिली फेसाळ पाणी आहे, तेही मिळालंच की. स्लाइड लावली की तोंडातल्या स्क्वॅमस पेशींची गर्दी दिसते, पापडासारख्या पसरट, कडा दुमडलेल्या, मधी बारीकसा न्यूक्लियस आणि अंगावर तोंडातले जंतू चिकटलेले, आणि त्यांच्या सांदीत कुठंतरी एखादा मॅक्रोफेज, म्हणजे फुप्फुसातली कचरा गिळणारी पेशी, सापडतो. मॅक्रोफेज दिसला की मला बरं वाटतं, कारण तो खालून आलेला असतो, आणि चुलीपुढं जन्म गेलेल्या बायांच्या मॅक्रोफेजमध्ये काजळीचे काळे ठिपके स्पष्ट दिसतात.

माझं म्हणणं असं की नमुना घ्यायचा का टाकायचा याचा नियम मोजणीच्या आधी कागदावर पाहिजे, आणि टाकलेला प्रत्येक नमुना रजिस्टरमध्ये राहिला पाहिजे. आत्ता बऱ्याच ठिकाणी उलटं चालतं, आकडा मनासारखा आला की नमुना 'चांगला', नाही आला की 'लाळ होती' म्हणून बाद. तुमच्याकडं कसं करतात सांगा.

रात्रपाळी_रेसिडेंट
मॅडम अगदी वेळेवर धागा काढलात. माझा थिसिस याच विषयावर आहे, सीओपीडी, बहुतेक पेशंट बीड आणि धाराशिव कडचे, ऊसतोडीला जाणारे पण बरेच. गाइड म्हणायलेत स्क्वॅमस २० टक्क्यांवर असतील तर नमुना फेकून दे. तसं केलं तर माझे किती उरतील सांगता येत नाही आणि सबमिशन डोक्यावर आलंय. एका सिनिअरनं सांगितलं की काही मोठ्या बहुकेंद्री अभ्यासात ८० टक्क्यांपर्यंत सुद्धा चालवून घेतलेत. मग २० खरं का ८०? एवढा फरक कसा असू शकतो हेच समजेना.

मांजराकाठ (लातूर)
मी मायक्रोबायोलॉजीतून रिटायर झालो, आयुष्य टीबीच्या थुंकीत गेलं म्हणा. नमुना तपासायची रीत आमच्याकडं फार जुनी आहे. साध्या बॅक्टेरिया कल्चरसाठी मरे आणि वॉशिंग्टन यांचा १९७५ चा नियम, लो पॉवरखाली एका फील्डमध्ये स्क्वॅमस पेशी १० पेक्षा कमी पाहिजेत आणि पसपेशी २५ पेक्षा जास्त, म्हणजे नमुना छातीतला. टीबीला मात्र हा नियम लावायचा नसतो हे पण लक्षात असू द्या, लाळेसारख्या दिसणाऱ्या नमुन्यातबी जंतू सापडतात, म्हणून तो घ्यायचाच, फक्त शेरा मारायचा आणि दुसरा चांगला मागवायचा. एक जागेवरचा आणि एक सकाळचा असे दोन नमुने त्यासाठीच तर घेतात.

तर माझी सूचना, तुम्ही २५ पसपेशींचा नियम का वापरत नाही? सोपा आहे, ग्रॅम स्टेनवर दोन मिनिटात निकाल, वेगळं काही शिकायला नको.

गोदाकाठ (नांदेड)
काका, तुमचा अनुभव मोठा आहे तरी इथं मी ठामपणे नाही म्हणते, आणि कारण महत्त्वाचं आहे. पसपेशी म्हणजे न्यूट्रोफिल. आम्हाला तेच तर मोजायचेत. न्यूट्रोफिल भरपूर असतील तरच नमुना चांगला असा नियम लावला तर ज्या पेशंटची सूज इओसिनोफिलची आहे, किंवा ज्याच्यात दोन्ही कमी आहेत, त्याचा नमुना गाळणीतच अडकणार, आणि शेवटी आम्ही पेपर लिहिणार की मराठवाड्यातल्या सीओपीडीत सगळे न्यूट्रोफिलिकच निघाले! निघणारच ना, आपणच बाकीचे बाहेर काढलेत. तुमचा नियम न्यूमोनियाच्या कल्चरसाठी बरोबर आहे, तिथं सूज आहे हे आधीच धरलेलं असतं. इथं तीच शोधायचीय. म्हणून क्वालिटीचा निकष असा पाहिजे की जो उत्तराला हात लावत नाही, म्हणजे स्क्वॅमस किती, जिवंत पेशी किती, एकूण पेशी मोजायला पुरेशा आहेत का, मॅक्रोफेज दिसतात का, आणि बेडका निघाल्यापासून प्रोसेसिंगपर्यंत वेळ किती गेला.

मांजराकाठ (लातूर)
हां, हे पटलं. असा विचार आम्ही कधी केला नव्हता कारण आमचा प्रश्नच निराळा होता.

डॉ_बालाघाट
चर्चा लॅबच्या टेबलावरून सुरू झाली, पण नमुना अर्ध्याहून जास्त बिघडतो तो आमच्या खोलीत, म्हणून छातीच्या डॉक्टरची बाजू लिहितो.

आधी सांगतो हे सगळं कशासाठी. २००२ साली लँसेटमध्ये लेस्टरच्या गटाचा अभ्यास आला होता, ७४ दम्याचे पेशंट, अर्ध्यांचे औषध नेहमीच्या पद्धतीनं ठरवलं आणि अर्ध्यांचं बेडक्यातले इओसिनोफिल बघून. वर्षभरात नेहमीच्या गटात तीव्र अटॅक १०९ आले, बेडका बघून औषध दिलेल्यांत ३५. म्हणजे ही मोजणी हौसेची नाही, तिच्यावर माणसाचं ॲडमिट होणं न होणं अवलंबून आहे.

आपल्या भागात तर तिची गरज जास्तच आहे. मोठ्या शहरात रक्तातले इओसिनोफिल बघतात, ३०० च्या वर असले की सीओपीडीत इनहेल्ड स्टिरॉइडचा विचार करतात. पण आपल्याकडं अनवाणी शेतात राबणाऱ्या माणसाच्या पोटात हुकवर्म असू शकतो आणि जंतांमुळंही रक्तातले इओसिनोफिल वाढतात, ट्रॉपिकल पल्मनरी इओसिनोफिलिया (हत्तीरोगाच्या जंतांमुळं फुप्फुसाला होणारा आजार) तर वेगळाच. रक्ताचा आकडा श्वासनलिकेबद्दल बोलतोय का पोटाबद्दल, हे कळायला बेडकाच बघावा लागतो.

आता करताना. आधी एक्स-रे आणि टीबीची तपासणी, हे मी कुणालाच सोडू देत नाही. पेशंट वाफ घेऊन खोकतो तेव्हा खोलीभर थेंब उडतात, खिडकी उघडी पाहिजे, हवा बाहेर जाणारी पाहिजे, सिस्टरच्या तोंडावर एन ९५ पाहिजे. मग श्वासनलिका मोकळी करणारा सालब्युटामॉल पंप, फुंकर चाचणी (स्पायरोमेट्री), आणि ४.५ टक्के सलाईन अल्ट्रासॉनिक नेब्युलायझरनं, पाच पाच मिनिटांनी थांबून परत फुंकर. एफईव्ही१ (पहिल्या सेकंदात जोरानं बाहेर फुंकलेली हवा) वीस टक्के पडला की बंद. फार दम असलेल्याला आधी साध्या ०.९ टक्क्यानं सुरुवात. आणि एकूण वेळ सगळ्यांना सारखी ठेवा, कारण सुरुवातीला बेडका मोठ्या नळ्यांतून येतो आणि उशिरा येणारा खोल बारीक नळ्यांतून, त्यात मॅक्रोफेज वाढतात. एकाला दहा मिनिटं आणि दुसऱ्याला पंचवीस दिली तर तुम्ही दोन पेशंटची नाही, दोन वेगळ्या जागांची तुलना करताय.

नमुना खराब आला म्हणून लगेच दुसऱ्या दिवशी परत बोलवू नका. खारट वाफेनंच न्यूट्रोफिल वाढतात, मधे किमान दोन दिवस जाऊ द्या.

रात्रपाळी_रेसिडेंट
सर गुटखावाल्यांचं काय करायचं? तोंडच उघडत नाही नीट, माउथपीस दातात धरता येत नाही, सगळी लाळ नळीत. आणि मिश्री लावणाऱ्या आज्या, डबीत काळं पाणी येतं.

डॉ_बालाघाट
त्यांना वेळ जास्त द्या. आधी साध्या पाण्यानं दोनतीनदा चूळ, दात आणि गालाचा कोपरा बोटानं साफ करायला सांगा, नाक शिंकरायला सांगा. लाळेसाठी वेगळं भांडं हातात द्या, प्रत्येक खोकल्याआधी लाळ तिकडं थुंकायची आणि खोकल्यानंतरचंच डबीत. ज्याचं तोंड दोन बोटंही उघडत नाही त्याला मास्कनं वाफ देता येते पण मग नोंद करा, कारण मास्कमध्ये नाकातलंही येतं.

सोयाबीनची_रास (परभणी)
मी डॉक्टर नाही काही नाही, शेती करतो, पण वाचत होतो म्हणून लिहायलो. आमचे अण्णा जिनिंगमधी बावीस चोवीस वर्षं होते, नंतर शेतात, मळणीच्या टायमाला तर त्यांना धाप लागूनच जाते. त्यांचा असाच नमुना घेतला होता एका ठिकाणी. सकाळची एसटी धरून गेलो, ती खारट वाफ घेतली, अण्णांना मळमळलं, लई खोकले बिचारे, आणि चार दिवसांनी फोन की परत या. काहाला तर म्हणे बरोबर आला नाही. काय बरोबर आलं नाही हे कुणी सांगितलं नाही, आमचं काय चुकलं तेही नाही. अण्णा म्हणले मी काय मुद्दाम खराब दिलो का, आता मी जात नाही. तर ताई, तुम्ही लॅबमधी बसून लाळ म्हणून बाद करता, ते कुणाची चूक असती?

गोदाकाठ (नांदेड)
दादा, अण्णांची काहीच चूक नाही, हे त्यांना जरूर सांगा. नमुना नीट येणं हे घेणाऱ्याचं काम आहे, देणाऱ्याचं नाही. एक तर कोरडा खोकला असलेल्या माणसाला कितीही वाफ दिली तरी कमीच येतं, तो आजाराचा भाग आहे. दुसरं म्हणजे बहुतेक ठिकाणी 'खोका आणि यात थुंका' एवढंच सांगतात, मग माणूस घशातलं काढून देतो. सिस्टरनं शेजारी उभं राहून, अण्णा मोठा श्वास घ्या, पोटातून खोका, हे वाटीत, हे डबीत, असं सांगितलं तर फरक पडतो, माझ्या टेबलावर तो फरक दिसतो, कोणत्या सिस्टरची ड्यूटी होती ते मी न विचारता ओळखते.

आणि डबीकडं तिथंच बघायला पाहिजे, चार दिवसांनी नाही. आम्ही डबी आली की पेट्री डिशमध्ये ओततो, खाली काळा कागद ठेवतो. काळ्यावर बेडक्याचे घट्ट, जरा अपारदर्शक प्लग वेगळे दिसतात आणि लाळ पारदर्शक पसरते. चिमट्यानं प्लग उचलायचे. एकही प्लग नसेल तर पेशंट बाहेर बाकावर असतानाच फोन करते, अजून पाच मिनिटं वाफ चालत असेल तर बघा म्हणून. परत एसटीचा फेरा पडत नाही माणसाला.

आकडेमोड (संभाजीनगर)
परभणीच्या दादांची गोष्ट वाचून थांबलो, कारण सांख्यिकीच्या भाषेत हीच सगळ्यात मोठी अडचण आहे. बाद होणारे नमुने कुणाचेही असते तर चाललं असतं. पण ते ठराविक लोकांचे असतात. कोरडा खोकलावाले, फार दम असलेले (एफईव्ही१ पडतो म्हणून वाफ मध्येच बंद), तोंड न उघडणारे, म्हातारे. हे सगळे वगळून जे उरतात त्यांच्यावर निष्कर्ष काढायचा आणि लिहायचं 'सीओपीडीच्या रुग्णांत असं आढळलं'. म्हणून गोदाकाठ ताईंचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य, किती जणांना वाफ दिली, किती जणांकडून काही आलं, किती नमुने निकषात बसले, आणि जे बसले नाहीत त्यांचं वय, एफईव्ही१, तंबाखू, चूल, हे पेपरात आलंच पाहिजे.

दुसरं, पेशी किती मोजता यावर कुणी बोललं नाही. ४०० पेशी मोजल्या आणि १२ इओसिनोफिल सापडले तर ३ टक्के. पण खरा आकडा साधारण १.६ ते ५.२ मध्ये कुठंही असू शकतो. स्लाइडवर पेशीच कमी म्हणून १०० वर थांबलात आणि ३ सापडले, तरी उत्तर ३ टक्केच, पण आता पल्ला ०.६ पासून ८.५ पर्यंत! एकाच आकड्यावर एकाला इओसिनोफिलिक म्हणायचं आणि दुसऱ्याला नाही, याला अर्थ राहत नाही. म्हणजे नमुन्याची क्वालिटी ही हो-नाही गोष्ट नाहीच, ती आकड्याच्या रुंदीत दिसते. मोजल्या किती ते प्रत्येक रिपोर्टवर लिहा.

@रात्रपाळी, २० का ८० याचं उत्तर माझ्या बाजूनं: दोन्ही लावून बघा. मुख्य निकष आधी ठरवा, गाइडशी बोलून, एथिक्सच्या कागदात घाला, मग दुसऱ्या निकषावर तेच गणित परत करा. उत्तर बदललं नाही तर मन शांत, बदललं तर तेही लिहा.

गोदाकाठ (नांदेड)
आकडेमोड दादांनी बरोबर सांगितलं, त्यात लॅबची बाजू जोडते, कारण २० आणि ८० मधलं भांडण मला खोटं वाटतं. प्रश्न कोणता विचारताय त्यावर आहे ते. टक्केवारी आपण स्क्वॅमस सोडून बाकीच्या पेशींत काढतो. त्यामुळं स्क्वॅमस ५० टक्के असले तरी उरलेल्यात ४०० पेशी स्वच्छ दिसत असतील तर इओसिनोफिलचं प्रमाण काढता येतं, फक्त मोजणाऱ्याचे डोळे जातात आणि दोन जणांचे आकडे जुळेनासे होतात. २० च्या आत असले की जुळतात, म्हणून तो आकडा.

पण तुम्ही वरचं पाणी, म्हणजे सुपरनेटंट, सायटोकाइन (सुजेचे निरोप नेणारी प्रथिनं) मोजायला ठेवणार असाल तर लाळेनं ते पातळ झालेलं असतं, तिथं ढिलाई चालत नाही. आरएनए काढणार असाल तर निम्मा आरएनए गालाच्या पेशींचा, मग जीन कुणाचे वाचताय? म्हणून आमच्या रजिस्टरमध्ये एक नमुना स्लाइडसाठी पास आणि पाण्यासाठी नापास असू शकतो.

डीटीटीचं पण सांगते. बेडका विरघळवायला वजनाच्या चौपट ०.१ टक्के डीटीटी घालतो, पंधरा मिनिटं हलवतो, मग तेवढंच पीबीएस (बफर घातलेलं सलाईन), मग ४८ मायक्रॉनच्या जाळीतून गाळतो. डीटीटी चिकट म्यूकसचे डायसल्फाइड बंध तोडतं, पण सायटोकाइनमध्येही तेच बंध असतात आणि काही किटची अँटिबॉडी मग त्यांना ओळखत नाही. आकडा शून्य आला म्हणजे पेशंटमध्ये नव्हतंच असं नाही, आपणच मोडलं असेल. म्हणून माहीत असलेलं प्रमाण मुद्दाम मिसळून किती परत मिळतं ते आधी बघायचं. हे केल्याशिवाय सायटोकाइनचे तक्ते छापणं मला पटत नाही.

रात्रपाळी_रेसिडेंट
मॅडम प्रोटोकॉलमध्ये 'रूम टेंपरेचर' लिहिलंय. आमच्याकडं मे महिन्यात दुपारी लाईट गेली की लॅबमध्ये ३९-४० होतं. व्हायबिलिटी (जिवंत पेशींचं प्रमाण) एकदम खाली येते, ट्रिपॅन ब्लूमध्ये सगळ्या पेशी निळ्या, म्हणजे मेलेल्या. आधी मला वाटलं पेशंटच तसे आहेत.

गोदाकाठ (नांदेड)
ते रूम टेंपरेचर म्हणजे तिकडचं २२ डिग्री, आपलं नाही. नमुना निघाला की लगेच बर्फाच्या पेटीत, दोन तासांत प्रोसेस, आणि डीटीटी रोज ताजं. प्रत्येक नमुन्यापुढं खोलीचं तापमान लिहा, स्वस्तातलं थर्मामीटर भिंतीला लावलं तरी चालतं. मग व्हायबिलिटी पडली तर ती दुपारी पडली का सगळ्या वेळी पडली हे कळतं. आम्ही उन्हाळ्यात वाफ सकाळी आठलाच सुरू करतो, अकराच्या आत सगळं सेंट्रिफ्यूजमध्ये. आणि उणे ८० चा फ्रीजर जनरेटरवर आहे का ते स्वतः जाऊन बघा, एकदा वितळून परत गोठलेल्या पाण्यावर कुणी विश्वास ठेवू नये.

मांजराकाठ (लातूर)
एवढा खटाटोप करण्यापेक्षा दुर्बीण घालून धुऊनच का घेत नाहीत? लाळेचा प्रश्नच नाही.

डॉ_बालाघाट
काका, ब्रॉन्कोस्कोपीतही क्वालिटीचा प्रश्न सुटत नाही, फक्त बदलतो. बीएएलमध्ये, म्हणजे दुर्बिणीतून फुप्फुस धुण्यात, १०० ते ३०० मिली सलाईन सोडतो आणि निदान ३० टक्के तरी परत यावं लागतं. सीओपीडीवाल्याच्या ढिल्या झालेल्या नळ्या ओढताना मिटतात आणि पाणी आतच राहतं, म्हणजे जास्त आजारी माणसाचाच नमुना परत खराब. एपिथेलियल पेशी ५ टक्क्यांवर गेल्या तरी शंका घ्यायची. शिवाय ते नळ्यांपेक्षा हवेच्या पिशव्यांचं चित्र दाखवतं. आणि अभ्यासासाठी दर तीन महिन्यांनी कुणाला दुर्बीण घालणार? बेडका परत परत घेता येतो, हाच त्याचा मोठा गुण.

रात्रपाळी_रेसिडेंट
पटलं. मॅडम, तुमच्या रजिस्टरचे रकाने टाका ना इथं, मी उद्यापासून सुरू करतो.

गोदाकाठ (नांदेड)
कोड नंबर, वाफ सुरू आणि बंद झाल्याची वेळ, सलाईन किती टक्के, एफईव्ही१ आधी आणि सगळ्यात कमी, का थांबवलं. मग डबी लॅबला कधी आली, खोलीचं तापमान, प्लगचं वजन, स्क्वॅमस टक्के, व्हायबिलिटी, ग्रॅममागं एकूण पेशी, मॅक्रोफेज दिसले का. इथं एक जाड रेघ. रेघेच्या वर पास-नापास लिहून सही करायची, स्लाइडसाठी वेगळी आणि पाण्यासाठी वेगळी. रेघेच्या खाली इओसिनोफिल आणि न्यूट्रोफिल, दोन जणांनी स्वतंत्र मोजलेले, प्रत्येकाने किती पेशी मोजल्या ते, आणि मोजणाऱ्याला पेशंट दम्याचा का सीओपीडीचा हे माहीत नसावं. खालचा भाग भरल्यावर वरच्या भागात खाडाखोड करायची नाही, केलीच तर तारीख आणि सही.

सोयाबीनची_रास (परभणी)
ताई तुम्ही समजून सांगितलं ते अण्णांना वाचून दाखवलं. येतो म्हणायलेत, पण मळणी झाल्यावर.

डॉ_बालाघाट
मळणी झाल्या झाल्या नको दादा. त्या धुळीनं सूज वाढलेली असेल, किंवा नेमकी तीच बघायची असेल तर तसं ठरवून बघावी लागेल. ज्यांनी बोलवलंय त्यांना मळणी कधी संपली ती तारीख सांगा आणि ती लिहून घ्यायला लावा. येताना पंप सोबत ठेवा, सकाळी तंबाखू नको, आणि गेल्या महिन्यात सर्दी-ताप किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या झाल्या असतील तर तेही सांगा.